खांद्यातील ‘इम्पिंजमेंट’चे निदान: एमआरआयच्या आधी हाताने काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५२, माध्यमिक शाळेत शिक्षिका, काही वर्षांपासून मधुमेह. चार महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि गेल्या महिनाभरात ब्लाउजचे मागचे हूक लावणेही जमेनासे झाले आहे. एमआरआयच्या अहवालात सुप्रास्पायनेटस टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) अंशतः फाट, बर्सायटिस आणि इम्पिंजमेंट, म्हणजे टेंडन वरच्या हाडाखाली चिमटणे, असे लिहून आले आहे. एका सर्जनने दुर्बिणीतून हाड घासून जागा मोकळी करण्याचा सल्ला दिला. फिजिओथेरपीत रबरी पट्ट्याचे व्यायाम सुरू केले, तर दुखणे वाढले. हे खरोखर इम्पिंजमेंट आहे का, आणि ते कसे ठरवायचे?

तुम्ही दिलेल्या माहितीत जवळजवळ सर्व काही आहे, परंतु एक आकडा नाही आणि निदान नेमके त्या आकड्यापाशी अडले आहे. कोपर कुशीला टेकवून हात पूर्ण सैल सोडला, तर तपासणारी व्यक्ती तो बाहेरच्या बाजूला किती अंशांपर्यंत फिरवू शकते, याचा उल्लेख कोठेही नाही. ही हालचाल डाव्या हाताइतकीच होत असेल, तर दुखणे टेंडनचे किंवा त्यावरील बर्साचे असण्याची शक्यता मोठी आहे. ती निम्म्यावर आली असेल, तर तुमचा खांदा आखडू लागला आहे, ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो, आणि तसे असेल तर अहवालातील इम्पिंजमेंट या शब्दाला फारसे महत्त्व उरत नाही. मधुमेह, बाविशीतला नव्हे तर पन्नाशीतला खांदा, रात्रीचे दुखणे, आणि आधी वर जाताना अडखळणारा हात आता मागे जायलाही नकार देणे, हा क्रम पाहता माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तरी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तसे म्हणणे योग्य होणार नाही, म्हणून ती तपासणी कशी व्हायला हवी हे सविस्तर लिहितो.

आधी या शब्दाविषयी. खांद्याच्या फावड्याच्या हाडाचे एक टोक पुढे येऊन सांध्यावर छतासारखे पसरलेले असते, त्याला ॲक्रोमियन म्हणतात. ते टोक आणि दंडाच्या हाडाचा गोळा यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट असते, आणि त्या फटीतून सुप्रास्पायनेटसचे टेंडन व त्यावरची बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी पातळ पिशवी, जाते. हात वर नेताना हे टेंडन वरच्या हाडावर घासले जाते आणि त्यामुळे सुजते, झिजते व अखेरीस फाटते, अशी मांडणी अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये केली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी वयोगटानुसार तिचे तीन टप्पे सांगितले, तर १९८६ मध्ये बिग्लियानी व सहकाऱ्यांनी ॲक्रोमियनचे सपाट, वक्र आणि आकड्यासारखा असे तीन आकार वर्णन केले. घासणारे हाड दिसते आहे तर ते तासून टाकावे, हा विचार इतका सरळ होता की तो जगभर रुजला आणि लाखो खांद्यांवर ही शस्त्रक्रिया झाली.

मात्र टेंडन वयानुसार आतूनच झिजते, असे अमेरिकन सर्जन कॉडमन यांनी १९३४ मध्येच म्हटले होते, आणि आज बहुतेक जाणकारांचा कल पुन्हा त्या बाजूला झुकला आहे. निर्णायक धक्का दिला तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी. ब्रिटनमधील चाचणीत ३१३ रुग्णांचे तीन गट केले होते: एका गटात हाड तासले, दुसऱ्यात दुर्बीण आत घालून केवळ पाहणी केली आणि हाडाला हात लावला नाही, तिसऱ्यात काहीच उपचार केले नाहीत. हाड तासलेल्या आणि केवळ पाहणी केलेल्या रुग्णांमध्ये अर्थपूर्ण फरक आढळला नाही, आणि काहीच उपचार न केलेल्या गटापेक्षा दोन्ही गटांना मिळालेला जास्तीचा लाभ फारच थोडा होता. फिनलंडमधील चाचणीचा निष्कर्षही तसाच होता. त्यानंतर २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक शिफारशीत अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया देऊ नये, असे ठामपणे सांगितले आहे. ही शिफारस आघाताने न झालेल्या, टेंडन पूर्ण न फाटलेल्या दुखण्यापुरती आहे. पडून टेंडन तुटलेल्या रुग्णाला ती लागू होत नाही. म्हणूनच निदान नेमके करणे महत्त्वाचे ठरते.

आता एमआरआयविषयी. शेर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींचे एमआरआय केले. त्यांपैकी ३४ टक्के जणांच्या रोटेटर कफमध्ये, म्हणजे सुप्रास्पायनेटससह दंडाच्या गोळ्याला वेढणाऱ्या टेंडनांच्या समूहात, अंशतः किंवा पूर्ण फाट आढळली. चाळीस ते साठ वयोगटात हे प्रमाण २८ टक्के होते आणि साठीपुढच्या व्यक्तींमध्ये ५४ टक्के. याचा अर्थ असा की तुमच्या दोन्ही खांद्यांचे एमआरआय केले, तर न दुखणाऱ्या डाव्या खांद्याचा अहवालही उजव्यासारखाच आला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. अहवाल चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तेथे फाट असेलही, परंतु दुखते ते तिच्यामुळेच, हे छायाचित्रावरून सिद्ध होत नाही. शिवाय खांदा आखडल्याच्या खुणा, म्हणजे सांध्याभोवतीचे आवरण (कॅप्सूल) काखेकडे जाड होणे आणि पुढच्या बाजूला टेंडनांमधल्या मोकळ्या जागेतील चरबी नाहीशी होणे, रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारल्याशिवाय अनेकदा अहवालात येत नाहीत. एमआरआयच्या चिठ्ठीवर केवळ ‘उजवा खांदा दुखतो’ असे लिहून पाठवले तर उत्तरही तितकेच मोघम येते. तुमची फिल्म किंवा सीडी जपून ठेवा आणि या दोन खुणा आहेत का, असा थेट प्रश्न विचारून ती पुन्हा वाचून घ्या. नवा एमआरआय करण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष तपासणी रुग्णाच्या हाताच्या पहिल्या खुणेपासून सुरू होते. कोठे दुखते, असे विचारल्यावर रोटेटर कफचा रुग्ण बहुधा पूर्ण तळवा दंडाच्या बाहेरील बाजूवरून फिरवतो. गळ्याच्या हाडाच्या टोकाशी असलेला छोटा सांधा, म्हणजे एसी जॉइंट, दुखत असेल तर रुग्ण एकच बोट खांद्याच्या माथ्यावर ठेवतो. मानेतून येणारे दुखणे दाखवताना हात मानेपासून फावड्यावर आणि तेथून कोपराच्या खालीपर्यंत ओघळत जातो. ही खूण अचूक नसते, तरी पुढची तपासणी कोणत्या दिशेने न्यायची हे ती बऱ्यापैकी सांगते. कामाची चौकशीही तितकीच तपशिलाने हवी. नाशिक भागात द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणीच्या दिवसांत तासन्‌तास हात डोक्यावर धरून काम करणाऱ्या मजुरांचा खांदा आणि वेगवान गोलंदाजाचा खांदा या दोन्हींवर कागदोपत्री इम्पिंजमेंट असेच लिहिले जाते, पण गोलंदाजात टेंडन चिमटते ते सांध्याच्या आतल्या, मागच्या कडेला, आणि त्याची तपासणी व उपचार दोन्ही वेगळे असतात.

दोन्ही खांदे, पुढून आणि मागून, उघडे पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. आपल्याकडे स्त्री रुग्णांचा खांदा अनेकदा कुर्त्यावरून किंवा ब्लाउजवरूनच तपासला जातो. संकोच समजण्यासारखा आहे. बिनबाह्यांचा सैल गाऊन आणि सोबत महिला मदतनीस एवढ्याने तो दूर होतो. मागून पाहताना फावड्यावरील आडव्या उंचवट्याखालचा स्नायू, म्हणजे इन्फ्रास्पायनेटस, एका बाजूला खोल गेलेला दिसला, तर टेंडनची जुनी मोठी फाट किंवा सुप्रास्कॅप्युलर नसेवरील दाब यांचा विचार करावा लागतो. हात वर जाताना फावडे कसे सरकते तेही येथेच दिसते. फावडे लवकर आणि जास्त वर उचलले जात असेल, तर खालचा मुख्य सांधा आपले काम करत नाही, असे समजावे.

यानंतर रुग्णाने स्वतः हात बाजूने वर न्यायचा. साधारण ६० ते १२० अंशांदरम्यान दुखून पुढे कमी होत असेल, तर दुखणे त्या फटीतले असण्याची शक्यता वाढते. अगदी शेवटच्या टप्प्यात, हात कानाजवळ येताना माथ्यावर दुखत असेल, तर संशय एसी जॉइंटवर जातो. तोच हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे ओढून पाहिला की तो संशय पक्का होतो किंवा मिटतो.

आता तो आकडा. रुग्णाला उताणे झोपवावे, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी घातलेला लहान टॉवेल ठेवावा, कोपर काटकोनात वाकवावे. तपासणाऱ्याने एका हाताने कोपर जागेवर धरावे आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून पुढचा हात सावकाश बाहेर न्यावा. रुग्णाने काहीच करायचे नाही. निरोगी खांद्यात हा हात बहुधा ५० ते ७० अंशांपर्यंत सहज जातो, परंतु प्रत्येकाची लवचीकता वेगळी असल्याने तुलना स्वतःच्याच दुसऱ्या खांद्याशी करावी. टेंडनच्या दुखण्यात रुग्ण कळ आल्याचे सांगतो, तरी धीर दिला आणि वेग कमी केला की हात पुढे सरकतो. आखडलेल्या खांद्यात तो एका जागी थांबतो, तेथे चामडी पट्टा ताणल्यासारखा घट्ट अडथळा हाताला लागतो आणि कितीही धीर दिला तरी पुढे जात नाही. त्या क्षणी रुग्णाचे धड त्याच बाजूला वळू लागते, म्हणजे जी हालचाल सांध्यात नाही ती कमरेतून भरून काढली जाते. उभ्या रुग्णात हे निसटते, म्हणून झोपवून तपासणे बरे. हा आकडा गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजण्याच्या साधनाने, मोजून तारखेसह केसपेपरवर लिहावा. फ्रोझन शोल्डरच्या दुखऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला खांदा आखडलेला नसतो, नुसताच दुखतो, म्हणून एकदा चांगला आलेला आकडा तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजणे आवश्यक असते.

बाहेर फिरण्याची हालचाल घटली म्हणजे फ्रोझन शोल्डरच, असेही नाही. सांध्याची कूर्चा झिजली असेल तरी हेच चित्र दिसते, आणि फिट (आकडी) आल्यानंतर किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर सांधा मागच्या बाजूला निखळून अडकला असेल तरीही. म्हणून साधा एक्स-रे एमआरआयच्या आधी हवा, आणि तो दोन दिशांनी: सांध्याच्या रेषेत समोरून आणि काखेतून. मागे निखळलेला सांधा केवळ समोरच्या फिल्मवर जवळजवळ सामान्य दिसू शकतो. त्याच एक्स-रेवर टेंडनमध्ये साठलेले कॅल्शियम दिसते, जे एका रात्रीत असह्य वेदना निर्माण करू शकते. आणि दंडाचा गोळा वर सरकून ती फट सात मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल, तर मोठी जुनी फाट असण्याचा इशारा मिळतो. हालचाल घटलेली आणि एक्स-रे निर्दोष, असे असेल तरच फ्रोझन शोल्डर म्हणावे. कित्येक रुग्ण हजारो रुपयांचा एमआरआय हातात घेऊन येतात आणि काही शे रुपयांचा एक्स-रे कोणी काढलेलाच नसतो.

निष्क्रिय हालचाल, म्हणजे रुग्णाने हात सैल सोडल्यावर तपासणाऱ्याने केलेली हालचाल, पूर्ण असेल तर पुढचा प्रश्न ताकदीचा. येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण दुखणारा खांदा दुखण्यामुळेही कमजोर भासतो. कोपर कुशीला ठेवून हात बाहेर ढकलण्याची ताकद पाहावी. मग तपासणाऱ्याने तो हात बाहेरच्या टोकापर्यंत नेऊन, थोडा अलीकडे धरून, ‘येथेच ठेवा’ असे सांगून सोडावा. हात आपोआप आत परतला तर टेंडन खरोखर तुटलेले असण्याची शक्यता बरीच आहे. पोटावर तळवा दाबून कोपर पुढे ठेवता येत नसेल, तर पुढच्या सबस्कॅप्युलॅरिस टेंडनकडे पाहावे. पाठीमागून हात उचलण्याची प्रसिद्ध चाचणी तुमच्याबाबतीत उपयोगी नाही, कारण हात पाठीमागे जातच नाही.

तरीही शंका राहिली तर नीर यांचीच एक जुनी युक्ती कामी येते: ॲक्रोमियनखालच्या फटीत थोडे लिग्नोकेन, म्हणजे तात्पुरती भूल देणारे औषध, टोचावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा तपासावे. वेदना गेली आणि ताकद परतली, तर दुखणे त्या फटीतले होते आणि टेंडन बहुतांशी शाबूत आहे. वेदना गेली पण ताकद परतली नाही, तर मोठी फाट शोधावी. वेदना थोडी कमी झाली पण हात तेथेच अडला, तर आखडलेले कॅप्सूल हेच उत्तर. सोनोग्राफीत पाहून सुई घातली तर औषध नेमक्या जागी पडते. एवढी माहिती देणारी दहा मिनिटे दुसऱ्या कोणत्याही तपासणीत मिळत नाहीत, असे माझे मत आहे, आणि तरीही आपल्याकडे तिचा वापर फार कमी होतो, कारण सुईत स्टिरॉइड मिसळून ‘इंजेक्शन दिले’ एवढेच लिहिले जाते आणि दहा मिनिटांनी रुग्णाला पुन्हा आत बोलावले जात नाही.

नीर आणि हॉकिन्स यांच्या नावाच्या चाचण्यांचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पहिलीत फावडे दाबून धरून हात समोरून वर नेतात. दुसरीत खांदा व कोपर काटकोनात ठेवून हात आत फिरवतात. दोन्ही चाचण्या इम्पिंजमेंटमध्ये दुखतात, पण आखडलेल्या खांद्यातही दुखतात आणि एसी जॉइंटच्या विकारातही दुखू शकतात. केवळ या दोन चाचण्या सकारात्मक आल्या म्हणून इम्पिंजमेंट लिहिणे म्हणजे खांदा दुखतो, हेच दुसऱ्या शब्दांत लिहिणे होय. हॉकिन्सची चाचणी, हात वर नेताना मधल्या टप्प्यात होणारी वेदना आणि बाहेर ढकलण्यातील कमजोरी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मात्र त्यांना वजन येते, तेही निष्क्रिय हालचाल पूर्ण असतानाच.

मान तपासल्याशिवाय खांद्याची तपासणी संपत नाही. मान दुखऱ्या बाजूला झुकवून मागे नेल्यावर हातात कळ उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील आणि हात डोक्यावर ठेवल्याने बरे वाटत असेल, तर दुखणे बहुधा मानेतील नसेचे आहे. टेंडनच्या रुग्णाला हात डोक्यावर ठेवणे नकोसे वाटते. चालताना किंवा जिना चढताना डाव्या खांद्यात येणारी कळ हृदयाची असू शकते, आणि उजव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे पित्ताशयातूनही येते. ताप, वजन घटणे, खांद्याभोवतीचे स्नायू झपाट्याने वाळणे, हे दिसल्यास क्षयरोगाचा विचार आपल्या देशात तरी करावाच लागतो. खांद्याचा क्षय अनेकदा पू न होता, कोरडाच असतो आणि फ्रोझन शोल्डर म्हणून महिनोन्‌महिने शेकला जातो. दंडाच्या आतल्या बाजूने सतत दुखणे, पंजाचे लहान स्नायू वाळणे आणि त्याच बाजूची पापणी खाली येणे, असे एकत्र दिसले तर छातीचा एक्स-रे त्याच दिवशी काढावा, कारण फुफ्फुसाच्या टोकावरची गाठ अशीच सुरू होते.

तुमच्यापुरते सांगायचे तर, शस्त्रक्रियेची तारीख तूर्त घेऊ नका. वर सांगितलेली बाहेर फिरण्याची हालचाल दोन्ही बाजूंना मोजून घ्या, दोन दिशांचे एक्स-रे काढा, आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी) व थायरॉइडची तपासणी करा, कारण या दोन्ही विकारांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. हालचाल खरोखर घटलेली निघाली, तर रबरी पट्ट्याचे व्यायाम थांबवा. दुखऱ्या टप्प्यात जोर लावून ताणणे किंवा ताकदीचे व्यायाम करणे यांनी वेदना वाढते, आणि तुमचे दुखणे वाढले ते बहुधा याच कारणाने. त्या टप्प्यात सांध्याच्या आत दिलेले स्टिरॉइड वेदना लक्षणीय कमी करते. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा इंजेक्शनच्या आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा आणि घरी रोज साखर मोजा. हालचाल पूर्ण निघाली आणि ताकदही बरी असेल, तर तेच रबरी पट्ट्याचे व्यायाम योग्य आहेत, फक्त कमी जोराने सुरू करून किमान तीन महिने नियमाने करावे लागतील, आणि फळ्यावर खांद्याच्या उंचीपेक्षा वर लिहिणे त्या काळात टाळावे लागेल. आणि हात बाहेर धरून ठेवता येत नाही असे आढळले, तर मात्र एमआरआयची फिल्म घेऊन खांद्याच्या सर्जनला लवकर भेटा; तेव्हा प्रश्न हाड घासण्याचा नसून टेंडन शिवण्याचा असेल, आणि स्नायू वाळून त्यात चरबी भरण्याच्या आत तो निर्णय झालेला बरा.